ओव्हनमधला ब्रेडक्रम्सचा मासा कुरकुरीत हवा, तर चुरा आधी भाजा

बेळगावजवळच्या खानापूरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: घरात 6 माणसं, 35 लिटरचा नवा ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन). सुरमईचे बोनलेस तुकडे अंड्यात बुडवले, ब्रेडक्रम्समध्ये घोळवले आणि 180 अंशांवर 25 मिनिटं ठेवले. वरचा रंग पांढरटच राहिला, खालची बाजू लगद्यासारखी झाली, निम्मं आवरण ट्रेला चिकटून बसलं आणि मासा मात्र कोरडा पडला. कमी तेलात, मुलंही आवडीने खातील असा कुरकुरीत मासा कसा करायचा? ब्रेडऐवजी आपला नेहमीचा रवा लावला तर जमेल का?

यात चार तक्रारी दिसतात, पण मूळ एकच आहे. माशाच्या आतलं पाणी बाहेर येऊन आवरणात मुरलं. म्हणून मासा कोरडा झाला आणि आवरण ओलं. त्या ओलीमुळेच रंग चढला नाही आणि तुकडा ट्रेला चिकटला. पदार्थाच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तो 100 अंशांच्या वर फारसा जात नाही, आणि ब्रेडला तांबूस रंग यायला साधारण 140 अंशांच्या पुढे जावं लागतं. कढईत चारही बाजूंनी उकळतं तेल असतं, ते ही ओल मिनिटभरात उडवतं. ओव्हनमधली हवा कितीही गरम असली तरी तेलाइतक्या झपाट्याने उष्णता देत नाही. दोन सेंटिमीटर जाडीचा मासा 220 अंशांवर 12 ते 14 मिनिटांत शिजतो. अंड्याने भिजलेल्या कच्च्या चुऱ्याला तेवढ्या वेळात रंग येत नाही. रंगासाठी थांबलं की मासा वाळतो, माशासाठी काढला की चुरा कच्चा राहतो. म्हणून चुरा माशाला लावण्याआधीच तेलावर भाजून तांबूस करून ठेवायचा. मग ओव्हनचं काम फक्त मासा शिजवणं आणि तो कुरकुरीतपणा टिकवणं एवढंच उरतं.

रव्याचंही इथेच उत्तर मिळतं. तव्यावर रवा छान लागतो, कारण त्याचा प्रत्येक कण गरम तेलात बसलेला असतो. ओव्हनमध्ये कोरडा रवा माशाची ओल ओढतो आणि अर्धवट फुगतो. दाताखाली कचकच लागते, कुरकुर लागत नाही. आपल्या चवीसाठी तो हवाच असेल तर तीन वाट्या ब्रेडच्या चुऱ्याला एक वाटी बारीक रवा घ्या, पण तोही आधी चमचाभर तेलावर खरपूस भाजलेला. नुसत्या रव्याचा मासा तव्यावरच करावा.

आता मासा. याला पांढऱ्या, घट्ट मांसाचा आणि मधल्या काट्याशिवाय फारसे काटे नसलेला मासा लागतो. सुरमई उत्तम, कारवारकडचे विक्रेते तिला इसवण म्हणतात. रावस आणि तांबोशी तितकेच चांगले. मुडदुशी, म्हणजे कारवारकडची नोगली, हिचे फिले, म्हणजे काटा काढलेले लांब काप, पातळ निघतात, पण चव फार नाजूक असते आणि मुलांना ती पटकन आवडते. बांगडा यासाठी घेऊ नका. त्याची चरबी आवरणात उतरते आणि वास धरते. त्याला तवा आणि तिरफळच शोभतात. पापलेटचे फिले करणं म्हणजे महागडा मासा वाया घालवणं आहे. गोड्या पाण्यातले रोहू आणि कटला चवीला चांगले असले तरी त्यांच्या मांसात दोन टोकांचे बारीक काटे विखुरलेले असतात. ब्रेडक्रम्सच्या आवरणाखाली ते दिसत नाहीत, त्यामुळे मुलांच्या ताटात असा तुकडा वाढणं धोक्याचं आहे. गोड्या पाण्यातला घ्यायचाच तर मरळ घ्या, मांस घट्ट आणि काटे कमी. चिलापीही चालते. तिला चिखलाचा वास असेल तर लिंबू पिळलेल्या पाण्यात पाच मिनिटं ठेवून धुवा आणि चांगली टिपून घ्या.

बेळगाव भागात समुद्राचा मासा घाट चढून बर्फात येतो, तेव्हा खरेदीतच थोडी काळजी घ्यायला हवी. आधीच कापून वितळत्या बर्फाच्या पाण्यात ठेवलेले तुकडे ते पाणी पितात, आणि तेच पाणी पुढे तुमच्या आवरणात येतं. अख्खा मासा निवडा: डोळे चमकदार, कल्ले लाल, बोटाने दाबलं तर खड्डा लगेच भरून यावा. मग समोर कापून घ्या. सुरमई बहुतेक ठिकाणी गोल तुकड्यांत कापतात, म्हणून आधीच सांगा की मधला काटा काढून लांब फिले हवेत, कातडं काढून, जाडी दोन सेंटिमीटरच्या आसपास. शेपटीकडचा पातळ भाग वेगळा बांधून घ्या. तो जाड तुकड्यांबरोबर ठेवला तर हमखास वाळतो, त्याची आमटी करावी. डोकं आणि मधला काटाही मागून घ्या, आमटीला त्यानेच चव येते. 6 जणांसाठी साफ केलेलं मांस 900 ग्रॅम लागतं, माणशी 150 ग्रॅम. अख्खा मासा घेताना त्याच्या दुप्पट वजन धरा.

1 जून ते 31 जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिकी मासेमारी बंद असते. त्या दिवसांत बाजारात गोठवलेला मासा किंवा बासाचे फिले जास्त मिळतात. बासा चालतो, पण त्यात पाणी भरपूर असतं. रात्रभर फ्रिजमध्ये जाळीवर निथळत ठेवून सोडवा, म्हणजे बर्फ वितळू द्या, बाहेर ओट्यावर किंवा गरम पाण्यात नको. नंतर दोन स्वच्छ पंच्यांच्या मध्ये ठेवून तळहाताने हलकं दाबा. पंचा चिंब होईल इतकं पाणी निघतं.

मीठ लावण्याची वेळ महत्त्वाची आहे. 900 ग्रॅम माशाला सपाट सव्वा चहाचा चमचा मीठ दोन्ही बाजूंनी लावून 15 मिनिटं ठेवा. वर पाण्याचे थेंब सुटतात. ते टिश्यू पेपरने नाहीतर सुती फडक्याने पूर्ण टिपून घ्या. हात लावला तर मासा किंचित चिकट लागला पाहिजे, ओला नाही. लिंबू या टप्प्यावर अजिबात नको. आपल्याकडे हळद, मीठ, लिंबू एकदमच लावायची सवय असते, आणि तव्यावरच्या रवा फ्रायला ते खपून जातं. इथे आंबटपणाने मांस वरून पांढरं होतं आणि पाणी सोडत राहतं. लिंबू ताटात पिळायचं. आलं-लसणाचं वाटणही थेट माशावर नको, ते ओलं असतं आणि त्याच्यावरून आवरण घसरतं.

मग मसाला कुठे घालायचा? अंड्यात आणि पिठात. दोन अंडी, एक चमचा घट्ट दही, एक मोठा चमचा मैदा, एक चहाचा चमचा अगदी बारीक वाटलेलं आलं-लसूण आणि दीड चमचा तिखट एकत्र फेटा. मिश्रण बोटावर रेंगाळलं पाहिजे, पाण्यासारखं ओघळता कामा नये. तिखटात एक चमचा ब्याडगी रंगासाठी आणि अर्धा चमचा संकेश्वरी तिखटपणासाठी, हे प्रमाण मोठ्यांना छान लागतं. मुलांचे तुकडे वेगळे असतील तर संकेश्वरी वगळा. दुसऱ्या ताटलीत पाऊण वाटी कोरडं पीठ घ्या, अर्धा मैदा आणि अर्धं तांदळाचं पीठ, त्यात अर्धा चमचा हळद आणि चिमूटभर मीठ. तांदळाच्या पिठाने पहिला थर हलका राहतो; नुसता मैदा ओल धरून चिकट होतो. चुऱ्यात तिखट घालू नका. भाजताना ते काळं पडतं, कडवट होतं आणि ठसका लागतो तो वेगळाच.

चुऱ्यासाठी कालचा साधा ब्रेड किंवा पाव 300 ग्रॅम, म्हणजे साधारण 12 स्लाइस. हाताने तुकडे करून मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा, कण जाड रव्यापेक्षा मोठे राहायला हवेत. फार बारीक झाला तर त्याचा लेप बसतो. जाड कणांमध्ये हवा राहते आणि कुरकुरीतपणा त्या पोकळ्यांतूनच येतो. जाड बुडाच्या कढईत तीन मोठे चमचे तेल घालून मंद आचेवर 8 ते 10 मिनिटं परता, हात थांबवायचा नाही. आधी वाफ येते, मग चुरा हलका होऊन सुटा वाजायला लागतो, मग रंग चढतो. चहाच्या टोस्टच्या रंगाला आला की लगेच परातीत काढा; कढईत राहिला तर तिच्याच उष्णतेने पुढे जळत जातो. ओव्हनमध्ये भाजायचा तर 160 अंशांवर 12 ते 15 मिनिटं, दर चार मिनिटांनी हलवून, पण कढईतला रंग डोळ्यांसमोर असतो आणि तो जास्त भरवशाचा. अर्धा चमचा मीठ आणि बारीक चिरलेली कोथिंबीर घालायची असेल तर मीठ आता घाला, कोथिंबीर मात्र ताटात वरून. चुऱ्यात ओली कोथिंबीर गेली की केलेली सगळी मेहनत मऊ पडते.

बेकरीतला गोड टोस्ट कुटून वापरण्याचा मोह होतो. त्यातली साखर 220 अंशांवर आठ मिनिटांत काळी पडते, म्हणून नको. बिनगोड कॉर्नफ्लेक्स हाताने चुरून घेतले तर चांगले लागतात, ते आधीच भाजलेले असतात, फक्त दोन चमचे तेल चोळा. चुरमुऱ्यांचा चुरा ओल फार लवकर ओढतो, तो टाळा. पावसाळ्यात खानापूर, जांबोटीकडच्या हवेत चुरा डब्यातसुद्धा सादळतो. दोन दिवस आधी केला असेल तर वापरण्यापूर्वी कढईत पाच मिनिटं पुन्हा गरम करून पूर्ण गार होऊ द्या. गरम चुरा माशाला लावलात तर त्याच्याच वाफेने तो ओला होतो.

घोळवताना एक हात कोरड्याला आणि एक हात ओल्याला ठेवा, नाहीतर बोटांनाच आवरण चढतं आणि चुऱ्यात गोळे होतात. तुकडा आधी पिठात लोळवा आणि जोरात झटका. पीठ दिसेल न दिसेल इतकंच राहिलं पाहिजे. जाड थर राहिला तर त्याच्या आत ओल अडकते आणि शिजल्यावर अख्खं आवरण टोपीसारखं सुटून येतं. मग अंड्यात, जादाचं निथळू द्या. मग चुऱ्यात, वरून चुरा पसरून तळहाताने दाबा, कडाही विसरू नका. तयार तुकडे जाळीवर ठेवून फ्रिजमध्ये 15 मिनिटं उघडेच राहू द्या. एवढ्या वेळात पीठ अंड्याची ओल पितं आणि थर एकमेकांना धरतात. घाईत बहुतेक लोक ही पायरी सोडतात, आणि चुरा गळण्याची निम्मी प्रकरणं त्यातूनच होतात.

ओव्हनबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण यंत्र चांगलं असूनही इथे फसगत होते. ओटीजीचे वरचे आणि खालचे दोन्ही रॉड चालू ठेवा, पंखा असेल तर तोही. 220 अंशांवर किमान 20 मिनिटं तापवा. लाल दिवा विझला म्हणजे ओव्हन तयार झाला असं धरू नका; तेव्हा फक्त हवा तापलेली असते, भिंती आणि ट्रे थंडच असतात, दार उघडलं की सगळी उष्णता निघून जाते. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं, त्याचाही हिशोब धरा. रॉडची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. 230 ऐवजी 200 व्होल्ट मिळाले तर उष्णता जवळजवळ पाव हिश्शाने कमी होते. अशा वेळी तापवायला 30 मिनिटं द्या आणि मध्ये दार उघडू नका. शक्य असेल तर आत ठेवायचा साधा ओव्हन थर्मामीटर घ्या, बटणावरचा आकडा आणि आतलं खरं तापमान यांत 15-20 अंशांचा फरक नेहमी आढळतो. ओटीजी 16 अँपिअरच्या प्लगलाच लावा, एक्स्टेन्शन बोर्डावर नको.

मायक्रोवेव्ह असेल तर फक्त कन्व्हेक्शनवर, म्हणजे गरम हवा फिरवणाऱ्या मोडवर, त्याच्या सगळ्यात वरच्या तापमानाला. मायक्रोवेव्हच्या लहरी मासा आतून उकळतात आणि सगळं पाणी आवरणात ढकलतात, म्हणून तो मोड किंवा मिश्र मोड इथे चुकूनही लावू नका.

मासा ट्रेवर थेट ठेवू नका. ओव्हनबरोबर आलेली जाळी तेलाचा बोळा फिरवून ट्रेवर ठेवा आणि तुकडे जाळीवर मांडा. खालूनही गरम हवा फिरली की खालची बाजू लगदा होत नाही आणि मध्ये पलटावंही लागत नाही. पलटतानाच आवरण सर्वांत जास्त मोडतं. जाळी नसेल तर रिकामा ट्रे ओव्हनबरोबरच तापवा, त्यावर चमचाभर तेल सोडा आणि तुकडे ठेवताच चर्र आवाज आला पाहिजे. फॉइल पसरू नका, तिच्यावर रस साचतो. दोन तुकड्यांत बोटभर अंतर हवं. 35 लिटरच्या ओटीजीत एका वेळी 6 ते 8 तुकडेच नीट होतात. जास्त कोंबले तर त्यांचीच वाफ आत कोंडते आणि ओव्हनचा मोदकपात्र होतो.

ट्रे मधल्या कप्प्यात. दीड सेंटिमीटर जाडीला 9 ते 10 मिनिटं, दोनला 12 ते 14, अडीचला 16. आठव्या मिनिटाला दार दोन सेकंद उघडून वाफ जाऊ द्या, पण व्होल्टेज कमी असेल तर तेही नको. शिजलं का, हे रंगावरून ठरवू नका, रंग तर आधीच आलेला आहे. सर्वांत जाड तुकड्यात काटा घालून हळूच फिरवा. मांस पाकळ्यांसारखं सुटलं आणि आत काचेसारखी झाक राहिली नाही की झालं. थर्मामीटर असेल तर मध्यभागी 63 अंश. त्यानंतरचं प्रत्येक मिनिट माशाचं पाणी आवरणात आणतं. 180 अंशांवर 25 मिनिटं हा मार्ग म्हणूनच फसला: आच मंद, वेळ दुप्पट.

आता वाढण्याबद्दल. तयार तुकडे हॉटकेसमध्ये भरण्याची सवय सगळ्या घरांत आहे, पण या पदार्थाला ती मारक आहे. झाकण लागलं की पाच मिनिटांत आवरण भिजतं. एकावर एकही रचू नका. पहिली खेप जाळीवरच उघडी ठेवा. दुसरी काढली की ओव्हन 100 अंशांवर आणून, दार किंचित उघडं ठेवून पहिली आत ठेवता येते, पण 15 मिनिटांच्या वर नको. त्याहून चांगलं म्हणजे मुलांची पंगत बसली की पहिली खेप थेट ताटात, आणि दुसरी त्याच वेळी ओव्हनमध्ये. दुसऱ्या खेपेचे तुकडे तोवर फ्रिजमध्ये उघडे बसलेले असतात, त्यांचं काही बिघडत नाही. शेवटची खेप रांधणाऱ्यांसाठी राखून ठेवा आणि त्या बसल्यावरच लावा. हा मासा गार झाल्यावर निम्मा राहतो, आणि ज्यांनी केला त्यांच्या वाट्याला तो गार येऊ नये.

बाकी ताटात भात, त्याच माशाच्या डोक्याची आमटी, सोलकढी आणि कांद्याची कोशिंबीर पुरेशी होते. सोबत लावून खायला काही हवं असेल तर अर्धी वाटी चक्का, दोन चमचे मेयोनीज, बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची आणि कैरीच्या लोणच्याच्या दोन फोडी चिरून कालवा. हे माशावर ओतू नका, बाजूला वाढा. सोलकढीची वाटीही ताटाबाहेर.

अंडं नको असेल तर दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोर, दोन चमचे मैदा आणि चार मोठे चमचे पाणी काढलेलं दही असं दाट मिश्रण करा. पकड अंड्याइतकी येत नाही, म्हणून फ्रिजमधला वेळ 30 मिनिटांवर न्या. बेसनाचं पातळ पीठ वापरू नका, ओव्हनमध्ये ते मऊ आणि कच्चट राहतं.

उरलेला मासा दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्याच दिवशी संपवा. गरम करताना जाळीवर 180 अंशांवर 7 मिनिटं. आधी करून ठेवायचं असेल तर घोळवलेले कच्चे तुकडे ट्रेवर सुटे सुटे गोठवा, कडक झाले की पिशवीत भरा. पण बाजारातून गोठवलेलाच आणलेला मासा एकदा सोडवला असेल तर तो पुन्हा गोठवू नका, मांस पिठूळ होतं. ताज्या माशाचे गोठवलेले तुकडे सोडवायची गरज नसते: थेट जाळीवर, 200 अंशांवर 20 ते 22 मिनिटं, आणि पहिल्या वेळी 18व्या मिनिटाला एक तुकडा मोडून बघा.